खुर्चीतलं मांजर

मी पोस्टर बोलतोय. जरा बेतानंच बोलतो, कारण माझ्या वरच्या अर्ध्या अंगाचं खालच्या अर्ध्या अंगाशी अजून पटलेलं नाही.

वरचं चित्र धाकटीनं काढलं, खालच्या ओळी दादानं लिहिल्या. या भावाबहिणीचा नियमच अजब. आधी त्यानं लिहायचं, मग कागद तिच्या ताब्यात द्यायचा आणि चित्र पुरं होईपर्यंत तिच्या खोलीत डोकावायचंसुद्धा नाही. दादा बाहेर येरझाऱ्या घालतो. "झालं का गं?" विचारलं, की आतून ब्रश आपटल्याचा आवाज येतो.

माझ्या वाट्याला आलेल्या ओळी अशा:

तू उठून गेलीस,
खुर्ची तशीच आहे.
कुणी बसू नये म्हणून
मी उभा आहे.

ही त्यांच्या आईची खिडकीजवळची वेताची खुर्ची. आई गेली आणि त्या खुर्चीत बसायचं कुणाला धाडस होईना. बाबा तर खुर्चीकडे पाठ करून जेवायचे आणि हूं-हांच्या पलीकडे बोलायचे नाहीत. काहीतरी करून त्यांना बोलतं करायचं, म्हणून या दोघांनी मला बनवायला घेतलं.

दादाच्या मनात होती रिकामी खुर्ची आणि मागे उतरतं ऊन. धाकटीनं ऊन काढलं, खुर्चीही झकास काढली आणि तिच्यात बसवलं घरातलं लठ्ठ मांजर. तेही तंगडी वर करून अंग चाटणारं.

"अगं, काय केलंस हे?" दादाचा आवाजच बसला. "आईवरची कविता आहे ती."

"रोज तिथंच बसतं ते. मला दिसलं ते मी काढलं."

"आता लोक म्हणतील, मांजर उठत नाही म्हणून मी उभा आहे."

"मग दुसरं काय आहे?"

दादानं मला दोन्ही हातांत धरलं. मी कागदाचा जीव, मला फाडायला कितीसा वेळ लागणार? माझी तर पाचावर धारण बसली. तेवढ्यात चष्मा शोधत बाबा आले. त्यांनी मला काढून घेतलं, वाचलं, वरचं चित्र पाहिलं. त्यांचे खांदे हलायला लागले. दादाला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते.

"ती रोज हाकलायची याला," बाबा म्हणाले. "पाठ वळली की स्वारी परत हजर." मग डोळे पुसत ते आईबद्दल बोलत सुटले, ते जेवणं होईपर्यंत. मला फार बरं वाटलं.

आता मी त्याच खुर्चीच्या वर टांगलेला आहे. खाली बाबा पेपर वाचता वाचता घोरतात, मांजर त्यांच्या मांडीवर. पाहुणे मला वाचतात, खाली बघतात आणि खो-खो हसतात. "कविता गंभीर आहे बरं का," असं दादा दरवेळी सांगतो. उभ्यानंच सांगतो बिचारा.

तुमच्याही घरात अशी एखादी खुर्ची असेल, तर बसा तिच्यात. फक्त मांजराला विचारून.