डावी बाजू वर

“जित्याची बाजू कंची आन मढ्याची कंची, हे ज्यानं कुणी ठरवलं त्यानं आमाला का कळवलं न्हाई? ठरवायचं त्यानं आन चुकायचं आमी?”

गुरुबसप्पानं झगा कटिंगच्या टेबलावर आपटला. लाल रेशमी, पायघोळ, रुंद बाह्यांचा चिनी झगा. परवाच्या लग्नात जावयानं घालायचा. जावई म्हणजे वेई, सिंगापूरचा चिनी; त्याच्या लेकीच्या, महेश्वरीच्या, पुण्यातल्या ऑफिसातला. मघाशी व्हिडिओ कॉलवर लेकीनं झगा दाखवला, तर वेईच्या आईनं तोंडावर हात धरून मान फिरवली. त्यांच्यात डावी बाजू वर घेऊन झगा उजवीकडं बांधतात. उलटा फक्त प्रेताला घालतात, आणि हा नेमका उलटाच शिवलेला.

“अप्पा, ती म्हणतेय, पोरगा पसंत नव्हता तर तोंडावर सांगायचं होतं. लग्नाला येणार नाही म्हणतेय.”

“साऱ्या सोलापूरला बाराबंद्या शिवून घातल्या,” त्याची बायको गुरम्मा काजं करता करता म्हणाली, “आन जावयाला मढ्याचं कापड!”

“तू गप गं! फोटो आला तसा शिवला. मी काय चिन्यात जन्मलो व्हय?”

महेश्वरीनं फोटो उघडून त्याच्यापुढं धरला. वेईच्या वडलांचा, त्यांच्या लग्नातला. डावी बाजू वर, बंद उजवीकडं. गुरुबसप्पा जन्मभर कापत आला त्या पुरुषी शर्टासारखीच.

त्यानं चष्मा लावला. फोन लांब धरला, जवळ आणला. बाजू काही बदलेना. समोरच्याची डावी ती आपली उजवी, हे तो दुकानात शिकायला येणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी घोकून घ्यायचा. मग हे झालं कसं? स्थळ कळल्यावर दोन महिने तो लेकीशी बोलला नव्हता, खरं आहे. पण नंतर माप त्यानं आपणहून मागवलं होतं. राग गेलाच होता की. गेला होता ना?

“घाईत झालं असंल,” तो पुटपुटला.

“घाईत कधी शर्टाची बाजू चुकलीय तुमची?” महेश्वरीनं विचारलं.

गुरम्माची सुई थांबली. नवऱ्याकडं तिनं पाहिलं.

गुरुबसप्पानं कात्री ओढली. “उसवतो. कापड उरलंय अजून. नवीन कापतो.”

महेश्वरीनं झग्यावर तळहात ठेवला.

“उसवायचं नंतर बघू. मला आत्ता त्याच्या आईला फोन लावायचाय. फोटोला दोष देता येत नाही, अप्पा. काय सांगू तिला? बोला.”