बीटच्या शेतात पडलेलं विमान

सिप्रियें फुर्नोल फ्रेंच सैन्यात येण्याआधी डोंगरातला शिकारी होता. उडता तितर त्याच्या हातून सहसा सुटत नसे. म्हणून १९१४ च्या सप्टेंबरातल्या त्या दुपारी ढगांखालून दुपंखी विमान घरघरत आलं, तेव्हा सगळी तुकडी फुर्नोलकडेच बघायला लागली.

"काय फुर्नोल, नुसत्या बाताच का?" शेजारचा रुव्हिएर म्हणाला.

विमान आपलं की जर्मनांचं, कळत नव्हतं. पंखांवर खूण नव्हती, आणि लढाई लागल्यापासून त्यांनी आपलं विमान पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी धडाधड गोळ्या झाडल्या. फुर्नोलनं मात्र दम धरला, विमानाच्या जरा पुढे नेम धरला आणि एकच झाडली. इंजिन खोकलं. विमान तिरपं होत बीटच्या शेतात आदळलं. एकच जल्लोष झाला.

फुर्नोल सगळ्यांच्या आधी पोचला. मोडक्या काड्या आणि फाटक्या कापडाच्या ढिगातून आवाज आला, "आई गं! अरे, आधी त्याला काढा!"

आवाज फ्रेंच होता.

पुढच्या जागेवरचा टेहळणी अधिकारी, लेफ्टनंट कास्तान, जागीच गेला होता. पाय मोडलेल्या सार्जंट वैमानिकाला फुर्नोलनं पाठुंगळी घेतलं.

"जर्मनांनी बरोबर टिपलं," वैमानिक कण्हत म्हणाला. "तू आलास म्हणून वाचलो, भावा."

संध्याकाळी कॅप्टननं सगळ्यांना बजावलं, "गोळ्या जर्मनांच्याच होत्या. समजलं?" रुव्हिएरनं मान खाली घातली. फुर्नोलनं आपला पाव तसाच पिशवीत ठेवला.

तुकडी हलायच्या आदल्या दिवशी तो चर्चमधल्या दवाखान्यात गेला. वैमानिकानं खाटेवर त्याला जागा करून दिली.

"ये, बस! कास्तानची बायको येतेय. तिला सांगणार आहे, एक भला माणूस धावत आला होता."

"नका सांगू, सार्जंट. गोळी माझी होती."

"बरेच जण झाडत असतील."

"झाडत होते. पण लागली माझी. मला कळतं ते."

वैमानिकानं नजर छताकडे वळवली. "आपली माणसं दिसली म्हणून तर आम्ही खाली आलो रे. कास्तान तुम्हाला हात करत होता."

फुर्नोलला रडू फुटलं. "मी थांबतो. तिला मीच सांगतो."

"नको. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिनं का ऐकायचं?"

फुर्नोल उठला. मागून आणखी एखादा शब्द येईल म्हणून दाराशी घुटमळला. आला नाही. सकाळी तुकडी नदीकडे निघाली.