धूर सरळ गेला पाहिजे

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना सुतारकामाचं वेड लागलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. म्हटलं, दिवसभर टीव्हीतल्या बातम्यांशी भांडण्यापेक्षा बरं! पण गेल्या महिन्यात आमच्या चारुदत्तरावांनी मागची खोली बंद करून, नुसता तोंडाला रुमाल बांधून स्प्रे गनने एक स्टूल रंगवलं आणि बाहेर येऊन दारातच मटकन खाली बसले. ओठ पांढरेफटक.

लेक देवयानी शहराच्या दुसऱ्या टोकाला, न्यू टाउनला कंपनीत आहे. ती त्याच संध्याकाळी तणतणत आमच्याकडे डमडमला आली. "बाबा, एक तर रंगाची वाफ बाहेर ओढणारा नीट स्प्रे बूथ बांधा, नाहीतर गन आणि कॉम्प्रेसर मी उचलून नेणार. चार आठवडे देते. मग येऊन उदबत्ती लावून बघीन. धूर सरळ पंख्यात गेला तर ठीक."

जेवताना वरणात मीठ नव्हतं, तेही ह्यांना कळलं नाही. तिच्याच नव्या फ्लॅटसाठी ह्यांनी सागवानी देव्हारा करायला घेतला होता आणि आता फक्त रंग उरला होता. हे काम सुटलं की हा माणूस परत त्या खुर्चीत जाऊन बसणार आणि मग उठणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून तोंडाने कितीही बोलले, तरी पदर खोचून मीही कामाला लागले.

सियालदहच्या बाजारातून पाइप, जाड प्लास्टिक, पंखा आणि फिल्टरची जाडजूड चादर आणली. पाइपांचा सांगाडा, त्यावर तिन्ही बाजूंनी प्लास्टिक. पंखा मागच्या खिडकीत बसवला, कारण तिकडे नुसतं तळं आहे, घर नाही. पंख्याच्या आत फिल्टर, म्हणजे रंगाचे कण तिथेच अडतील. रंगसुद्धा लेकीच्या हुकमाने पाण्यात मिसळणारा, आणि तोंडाला वाफ गाळणाऱ्या दोन डब्यांचा मास्क. तो घालून हे आरशासमोर दहा मिनिटं उभे होते, हौसच दांडगी!

मुदतीतल्या शेवटच्या शनिवारी रंगाचा डबा उघडायच्या आधी आम्ही उदबत्ती लावली. पंखा घरघर फिरतोय, आणि धूर? धूर आरामात वर गेला, इकडेतिकडे हिंडला आणि माझ्याच नाकात शिरला.

"अहो, पंखा फिरतोय आणि हवा जात नाही? मग हा फिरतोय कशाला?"

"तेच बघतोय ना मी!" हे खेकसले. वास घरात येऊ नये म्हणून त्यांनी दाराखाली माझी जुनी साडी कोंबली होती आणि फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. मी साडी काढून दार दोन बोटं उघडलं, तर दार हातातून ओढलंच गेलं. अगंबाई! आता मलाही चैन पडेना. धूर पंख्याकडे पळाला खरा, पण दार पंख्याला लागूनच, त्यामुळे हवा कडेकडेनेच निघून गेली. देव्हारा ठेवायचा त्या कोपऱ्यात धूर तसाच बसून राहिला.

"हवा आळशी असते गं, जवळचा रस्ता धरते."

"माहितीये मला. एक आळशी घरात आहेच." आणि बोलता बोलता मला सुचलं. "अहो, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना? एक तेलाला, एक हवेला. तुमच्या खोलीला दुसरं भोक हवंय. पंख्याच्या बरोब्बर समोर."

मग आम्ही दोघांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. तिथे खिडकी होती. बाहेर हातभर रुंदीचा मोकळा चौक, आणि पलीकडे शेजारच्या प्रेमलतादींचं स्वयंपाकघर. अकरा वर्षांपूर्वी बदली होऊन इथे बंगालात आलो, त्याच आठवड्यात त्यांनी मोहरीच्या तेलात इलिश मासा तळला. मी चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारी! त्या हातात झारा घेऊन बघत असताना मी खिडकी आपटली आणि चारी बाजूंनी खाकी टेप लावून टाकली. तेव्हापासून जिन्यात भेटलो तर "भालो?" "भालो." बरं आहे ना, बरं आहे. संपलं.

"राहू दे, दुसरीकडे बघू," हे म्हणाले.

"कुठे? भिंत फोडणार?"

रविवारी देवयानी तपासायला आली, तिच्या देखत मी नखांनी टेप खरवडली. ह्यांनी पटाशी घालून खिडकी उचकटली. उदबत्तीचा धूर थबकला, वळला आणि थेट फिल्टरमध्ये घुसला. देवयानीने चारही कोपरे तपासले. सगळीकडे सरळ.

"पास," ती म्हणाली. "पण आई, दर वेळी ही खिडकी तासन्‌तास उघडी लागेल. कंटाळून एकदा जरी बंद केलीस, तर बाबा आत पुन्हा भोवळ येऊन पडतील. जमेल तुला? नसेल तर आत्ताच सांग, मी मशीन नेते."

हे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. देव्हाऱ्याच्या कळसावरून अंगठा फिरवत होते.

मी नाक आवळूनच उभी होते. हळूच श्वास घेतला. वास नाही. बंगाल्याच्या घरी, रविवारी दुपारी, माशाचा वास नाही? समोर प्रेमलतादी खिडकीशी येऊन थक्क होऊन बघत होत्या.

"दीदी, आज मासे नाही केले?" मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"केले ना बौदी," वहिनीला म्हणतात तसं त्या म्हणाल्या. "तिकडे, रस्त्याकडच्या बाल्कनीत. तुम्हाला त्रास होतो ते कळलं, तेव्हापासून शेगडी तिथेच नेली. पावसात एका हातात छत्री धरते, एका हाताने तळते." आणि हसल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा पावसाळे! आणि मी टेप चांगली टिकली म्हणून स्वतःवरच खूश.

"दीदी, शेगडी आत आणा," मी म्हटलं. "आजच आणा."

"पण सगळा वास तुमच्याकडे ओढला जाईल, बौदी. आणि दादा तर देवाचं घर रंगवतायत!"

ह्यांनी अंगठा थांबवला.

"येऊ दे," मी म्हटलं. "ही खिडकी आता बंद होणार नाही. अहो, बघताय काय? मास्क चढवा."