पोस्टमॉर्टेम रद्द

१९९८ सालच्या ऑक्टोबरात मी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेकडे एका छोट्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. वय सव्वीस, नोकरीला लागून चार महिने. दुसऱ्या डॉक्टरांची जागा दीड वर्ष रिकामी होती. त्यामुळे सकाळची ओपीडी, बाळंतपणं आणि पोस्टमॉर्टेम, सगळं माझ्याच गळ्यात होतं.

पोस्टमॉर्टेमची खोली दवाखान्याच्या मागे होती. तिथे धर्मादादा काम करायचे. पन्नाशी उलटलेले, काटक, कमी बोलणारे. बावीस वर्षं तेच काम. रिपोर्टवर सही माझी असायची, पण पहिल्या महिन्यात सुरी कशी धरायची ते त्यांनीच दाखवलं होतं.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चंद्रहास हवालदार कागद घेऊन आले.

"मॅडम, गास गावची केस आहे. कमळी नाव, वय अठ्ठावीस. पहाटे चारला उठवलं, तर उठलीच नाही. गावातल्या डॉक्टरनं बघून सांगितलं, गेली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लग्नाला पाचच वर्षं झालीत. माहेरचे नवऱ्याचं नाव घेतायत. विष घातलं म्हणतात."

खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. तिचा नवरा कृष्णा अनवाणी, भिंतीला टेकून बसला होता. त्याच्यापासून दहा पावलांवर बायकोचे दोन भाऊ उभे होते आणि त्याच्यावरची नजर काढत नव्हते.

माझ्यासमोर साठ माणसांची रांग होती. मी कागदावर सही केली आणि म्हटलं, "आत ठेवायला सांगा. तासाभरात येते." उठून एकदा बघून येण्याएवढंही मला सुचलं नाही.

पंधरा मिनिटांनी धर्मादादा ओपीडीच्या दारात उभे राहिले. ते इकडे कधीच यायचे नाहीत. त्यांना ओळखणारे लोक बाकावर सरकून बसले.

"मॅडम, जरा चला."

"थोडं थांबा ना दादा, रांग बघताय ना."

"थांबू नका. ती बाई गेलेली नाय वाटत मला."

रांगेतली कुजबुज एकदम बंद झाली. मी स्टेथोस्कोप उचलला. चालता चालता ते म्हणाले, "पहाटे चारला गेली म्हणतात. एवढ्या उकाड्यात आतापर्यंत जबडा आवळायला पाहिजे. हनुवटी धरली तर सहज हलते. काखेत हात घातला, तर गरम. आणि तोंडाच्या कोपऱ्यात लाळेचा बुडबुडा आहे. फुटतो, आणि पुन्हा येतो."

कमळी दगडी ओट्यावर होती. छाती हलताना दिसत नव्हती. मनगटावर नाडी नाही. पापणी उघडून बॅटरी मारली, बाहुली मोठीच्या मोठी. तिला पाहून कोणीही फसलं असतं. मी गळ्याशी बोटं दाबून ठेवली आणि डोळे मिटले. काहीच नाही, काहीच नाही, आणि मग बोटाखाली अगदी बारीक काहीतरी सरकलं. छातीला स्टेथोस्कोप लावला. हृदय चालू होतं. सावकाश, पण चालू.

"जिवंत आहे!" मी ओरडलेच.

बाहेर कृष्णा उठून उभा राहिला. मी त्याला विचारलं, "रात्री काय झालं? सगळं सांगा, लवकर."

"बारा-एकला पोटात दुखतंय बोलली. ओवा दिला. मग बोलली, गळ्याखाली पानी उतरत नाय. डोळे मिटून मिटून येत होते. मला वाटलं झोप आली."

"झोपली कुठे होती?"

"खाली. जमिनीवर."

मी तिचे केस बाजूला केले, हात उलटेपालटे करून पाहिले. डाव्या कोपराच्या वर दोन बारीक ठिपके होते. डास चावल्यासारखे. सूज नाही, रक्त नाही.

मण्यार. रात्री झोपेत चावते आणि कळतसुद्धा नाही. तिच्या विषानं एकेक स्नायू लुळा पडतो. आधी पापण्या, मग गळा, शेवटी श्वास. माणूस शुद्धीवर असू शकतो, फक्त काही हलवता येत नाही. आता कमळीचा श्वासही संपत आला होता.

धर्मादादा आणि कृष्णानं स्ट्रेचर धावतच बाळंतपणाच्या खोलीत आणलं. सत्यवती सिस्टर तिथल्या प्रमुख, माझ्या आईच्या वयाच्या. मी म्हटलं, "सिस्टर, अंबू बॅग!" म्हणजे हातानं दाबून फुप्फुसात हवा भरायची रबरी पिशवी.

"मोठ्या माणसाची कपाटात आहे. चावी स्टोअरकीपरकडे, आणि तो आज रजेवर."

मी कमळीच्या तोंडाला तोंड लावून हवा फुंकायला लागले. चार-पाच श्वास झाले असतील, तेवढ्यात मागे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. धर्मादादांनी मागच्या खोलीतली छिन्नी आणि हातोडा आणून कपाटाचं कुलूप दोन घावांत तोडलं होतं.

बॅग लावली. पहिल्या दाबाला तिची छाती वर आली. सर्पदंशावरच्या लसीच्या आठच बाटल्या निघाल्या. सिस्टरनी सगळ्या सलाईनमधून सुरू केल्या. पण आमच्याकडे श्वासाचं मशीन नव्हतं. मशीन मुंबईत, आणि आमची ॲम्ब्युलन्स एक अडलेली बाई घेऊन ठाण्याला गेलेली.

"आमचा टेम्पो आहे," दारातून कृष्णाचा चुलतभाऊ अल्पेश म्हणाला. भाजीचा टेम्पो. त्यातूनच त्यांनी तिला पोस्टमॉर्टेमला आणलं होतं.

मी सिस्टरांकडे पाहिलं. ओपीडी सोडून जायचं कसं?

"तुम्ही जा हो मॅडम," त्या म्हणाल्या. "खोकला आणि खरूज मी बघते. जड काही आलं तर नाक्यावरच्या डॉक्टरांना बोलावीन."

टेम्पोत गादी टाकली, ऑक्सिजनचा सिलिंडर दोरीनं बांधला. चंद्रहास हवालदार आपणहून अल्पेशशेजारी पुढे बसले. मागे मी, कृष्णा आणि धर्मादादा. सलाईनची बाटली कृष्णानं हातात उंच धरली.

रेल्वेचं फाटक बंद होतं. हवालदार उतरून धावत गेले आणि हात हलवत परत आले. गाडी सिग्नलला आली होती, फाटक उघडणं शक्यच नव्हतं. आम्ही थांबलो. मी दाबत होते, मोजत होते. माझे पंजे भरून आले.

"द्या इकडे," धर्मादादा म्हणाले.

"जमेल?"

"दाखवा."

"दाबायचं, छाती उठली की सोडायचं. आपण श्वास घेतो त्या चालीनं. घाई नाही करायची."

त्यांनी बॅग हातात घेतली. पहिल्यांदा जरा जोरात दाबली गेली. मग चाल सापडली. त्यांचे ओठ हलत होते, आकडे म्हणत होते बहुतेक. फाटक उघडलं, टेम्पो हायवेला लागला, वरसावेचा खाडीपूल मागे पडला, तरी त्यांनी हात बदलला नाही.

दहिसरच्या नाक्यावर ट्रक अडकले होते. हवालदार खाली उतरले आणि टेम्पोच्या पुढे अक्षरशः पळत, शिट्टी वाजवत वाट काढत राहिले. गणवेश घामानं काळा झाला होता. सकाळी याच माणसानं कृष्णाचं नाव संशयित म्हणून लिहून घेतलं होतं.

मी कमळीच्या कानाशी वाकले. "कमळी, तुला साप चावलाय. औषध सुरू आहे. तुला ऐकू येत असेल. घाबरू नकोस, तू बरी होणार आहेस."

कृष्णा माझ्याकडे बघत राहिला. "ऐकते ती?"

"ऐकत असेल."

तेव्हा तो तिच्याशी बोलायला लागला. मुलगी मावशीकडे आहे, म्हशीची धार काढली, वालाच्या शेंगा तोडायच्या राहिल्यात. रडत रडत, पण सगळं घरचंच.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. तिला मशीनला जोडलं. तिथल्या डॉक्टरांनी नळ्या तपासल्या, मॉनिटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत. हातानं बॅग कोणी दाबली?"

मी धर्मादादांकडे बोट दाखवलं.

"वॉर्डबॉय का?"

"नाही साहेब," ते म्हणाले. "मी पोस्टमॉर्टेमला असतो."

डॉक्टरांनी पुढे होऊन धर्मादादांचा हात हातात घेतला. दादांनी संकोचून तो सोडवून घेतला. बोटं अजून आखडलेली होती.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. अल्पेश पाव-भजी घेऊन आला. सकाळपासून कोणी काही खाल्लं नव्हतं. चंद्रहास हवालदारांनी तोंडात घास असतानाच मला विचारलं, "मॅडम, कागदावर काय लिहू? पोस्टमॉर्टेमचा फॉर्म भरलाय."

"लिहा, रद्द."

"कारण?"

"बाई जिवंत आहे."

आधी ते हसले, मग अल्पेश हसला, मग सगळेच. कृष्णाला हसताना हुंदका आला आणि तो तोंड पदरात घ्यावं तसं गमछ्यात घेऊन बसला.

तीन दिवस मी दवाखान्याच्या फोनजवळून हलायचं टाळत होते. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. कमळीनं पापण्या उचलल्या होत्या, बोटं हलवली होती, श्वासही स्वतःच घेत होती. दुपारी नळी काढणार होते. सत्यवती सिस्टरनी ओपीडीच्या दारात उभं राहून ते मोठ्यानं सांगितलं. रांगेतल्या एका म्हातारीनं हात जोडले.

मी मागे गेले. धर्मादादा खोली धूत होते.

"दादा, कमळी श्वास घ्यायला लागली. आपला आपण."

त्यांनी पाण्याची बादली खाली ठेवली. मग ओसरीवर बसले, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसले.

दिवाळीच्या आधी कमळी स्वतः आली. सोबत कृष्णा, आणि तिचे तेच दोन भाऊ. आता त्यांच्यातला एक कृष्णाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. मी त्यांना मागे धर्मादादांकडे नेलं. कमळी अजून थकलेली दिसत होती, पण बोलत होती भरपूर.

"मला समदं ऐकायला येत होतं बाय. मी ओरडत होते, पन आवाजच नाय. पानी पानी करत होते. कोन बोलतंय, कोन रडतंय, समजत होतं." ती थांबली. "आनि मग हे दादा माझी हनुवटी धरून सोताशीच बोलले, ही गेलेली नाय. तेव्हा मला इतकं बरं वाटलं, काय सांगू."

धर्मादादांनी मान खाली घातली. ज्यांना ते त्या खोलीत भेटत, त्यांच्यापैकी कोणी पुन्हा बोलायला आलं नव्हतं.

"आता झोपतेस कुठे?" त्यांनी विचारलं.

"खाटेवर. मच्छरदानी लावून."

"चारी बाजूंनी खोचत जा."

"खोचते," कमळी म्हणाली, आणि टोपलीतली वेलची केळी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक सोललं आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्लं.