सर्जेराव काकांचा उलटा दाब

आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक तीन आठवडे तुंबत होतं आणि सर्जेराव काका तीन आठवडे त्याचा अभ्यास करत होते. अभ्यास म्हणजे खुर्ची टाकून पाण्याकडे बघणं. अडकलंय काय, ते आमचं मांजरही सांगेल: पेज, शितं आणि तेल. आम्ही उत्रोलीचे. आमच्याकडे भात पिकतो, शिजतो आणि उरलेला पाइपात जाऊन बसतो.

"भोरवरनं हनीफभाई प्लंबरला बोलवा की काका, अर्ध्या तासाचं काम हाय," अश्विनीताई म्हणाली. रविवारी किकवीचा इंद्रजित तिला बघायला येणार होता. दोघांचं फोनवर दोन महिन्यांपासून जमलेलंच होतं, मोठ्यांनी पोहे खाणं तेवढं बाकी होतं. पोहे खाताना घराला गटाराचा वास नको, एवढीच तिची मागणी.

"माझ्या पाइपाला बाहेरचा मानूस हात लावनार न्हाई," काका म्हणाले. काकांनी आयुष्यात एकच मोटार दुरुस्त केली. ती अजून विहिरीत आहे.

रविवारी पाहुणे यायच्या वेळेलाच त्यांनी फवारणीचा पंप काढला. पाइपाचं बाहेरचं तोंड परसात केळीपाशी उघडतं. तिथून आत दाब मारायचा, असा बेत.

"काका, वर स्वयंपाकघर हाय," मी म्हणालो.

"बंट्या, तू बीए हायेस. गप ऱ्हा."

पाहुणे येऊन स्वयंपाकघराच्या दारासमोरच बसले. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि मागे म्हैस डबक्यातून उठावी तसा आवाज झाला. तीन आठवड्यांचा भात छतापर्यंत जाऊन खाली आला. ताईच्या केसांत शितं, ट्रेमध्ये शितं, इंद्रजितच्या वडिलांच्या टोपीवर चहाचा चोथा.

ते चिडतील असं वाटलं. ते उठले, छत बघितलं आणि आदराने म्हणाले, "दाब चांगला हाय. कितीचा पंप?"

सगळे पुरुष परसात गेले. बघण्याचा कार्यक्रम पाइपाचा सुरू झाला. ताईला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ती दारात उभी राहून इंद्रजितकडे बघत होती. त्याने बाह्या सरसावल्या, तशी ती जरा हसली. इंद्रजितने पाइपात डोकावून पाहिलं.

"काका, यवढ्यानं भागायचं न्हाई. आमच्याकडं ट्रॅक्टरवरचा पंप हाय. आनू का?"

काकांनी त्याला मिठी मारली. पंप पुन्हा धडधडायला लागला.

"पसंत न्हाई," ताई म्हणाली.

"अगं, फोनवर तर लई चांगला वाटत व्हता म्हनायचीस," आई कुजबुजली.

"फोनवर पाइप नव्हता आई. एका काकात माझं आयुष्य गेलं. आता ह्यो तिशीतला काका पदरात घालून घेऊ?"

पंपाच्या आवाजात परसात कोणाला काही ऐकू गेलं नाही. तिथे लग्नाची तारीख निघत होती. ताईने जाऊन पंप बंद केला आणि सगळ्यांच्या तोंडावर पुन्हा सांगितलं.

"बंद का केलास गं?" काका म्हणाले. "आत्ता कुठं सुटत व्हतं."