खाऊन घ्या, भाभी

सकाळी आठला मुबारकबींना इन्सुलिनची सुई द्यायची आणि आठ वाजून पाच मिनिटांनी घरी परतायचं, असं माझं सात महिने चाललं होतं.

मुबारकबी आमच्या गल्लीत शेवटच्या घरात एकट्या राहतात. त्यांचे मालक पीरमहंमद बुकबाइंडर होते. मी नगरच्या ज्या शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो, तिथली फाटकी पुस्तकं तेच शिवून द्यायचे. ते गेले, मुलगा उझैर नोकरीला पुण्यात, आणि भाभींना आता सुईवरच्या रेघा दिसत नाहीत. उझैरनं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. नाही म्हणायला धीर लागतो, तो माझ्यात नाही.

दवाखान्यातल्या पंकजा सिस्टरनं मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. औषध चौदाच्या रेघेपर्यंत ओढायचं. आणि सुई दिल्यावर भाभींचं खाणं होईपर्यंत तिथून हलायचं नाही. पहिली गोष्ट मी चष्मा पुसून पुसून पाळली. दुसरी जमली नाही. एकट्या बाईच्या घरात बसायचं, ती खाताना बघायचं, आणि बोलायचं काय? मी उंबऱ्यावरूनच म्हणायचो, "खाऊन घ्या, भाभी." त्या म्हणायच्या, "व्हय, खाते." झालं.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं. "शेजाऱ्याची सेवा कशी करावी ते शांतवनरावांकडून शिका," असं म्हणाले. सगळे मागे वळून बघायला लागले. मी गीतांच्या पुस्तकात तोंड घातलं. सेवा कसली, रोज पाच मिनिटांत पळून येणारा माणूस मी. पण उठून तसं सांगितलं नाही.

नंतरच्या बुधवारी सुई देऊन आलो, पेपर वाचला आणि साडेदहाला परवेझच्या दुकानात पाव घ्यायला गेलो.

"सर, काल शबे-बरातचा हलवा मिळाला का?" परवेझनं विचारलं.

"मिळाला. भाभींनी डबा पाठवला होता."

"मग आज चहाचं विचारू नका हं. आमच्या घरी सगळ्यांचा रोजा हाय."

"आज? रमजानला तर अजून पंधरा दिवस आहेत."

"शबे-बरातच्या दुसऱ्या दिवशी धरत्यात की. जुनी माणसं तर हा रोजा चुकवतच न्हाईत."

मी पाव काउंटरवरच ठेवला. परवेझ मागून काहीतरी ओरडला. चौदा युनिट. अडीच तास झालेले. आज भाभी "व्हय, खाते" म्हणाल्याच नव्हत्या, ते मला आत्ता आठवत होतं. गुडघ्यांमुळे मला पळता येत नाही. तरी पळालो.

दार आतून बंद होतं. कडी वाजवली, हाका मारल्या. बऱ्याच वेळानं कडी सरकली. भाभींचा चेहरा घामानं निथळत होता. फेब्रुवारीतला गारवा, आणि ओढणी मानेला चिकटलेली.

"ते अजून आले न्हाईत," त्या म्हणाल्या. "पुस्तक ठेवून जा. शिवून ठेवतील."

पीरमहंमदना जाऊन चार वर्षं झाली होती.

मी त्यांना खुर्चीत बसवलं. साखर तपासायचं यंत्र कपाटावर होतं. घाईत पहिली पट्टी माझ्या हातून खाली पडली. दुसरीवर आकडा आला, सेहेचाळीस. सत्तरच्या खाली आला तर लगेच साखर, हे सिस्टरनं यंत्राच्या डब्यावरच लिहून ठेवलं होतं.

साखर कुठे होती? सात महिने या घरात येत होतो आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नव्हतं. एक डबा उघडला, रवा. दुसऱ्यात पांढरं दिसलं, बोटानं चाखलं, मीठ. तिसऱ्यात चहापत्ती. प्रभू, एवढी साखर दाखव, असं मी मोठ्यानं म्हणालो असणार, कारण बाहेरून भाभी बोलल्या, "फळीवर, मास्तर. पितळी डब्यात."

म्हणजे थोडी शुद्ध होती. चार चमचे साखर पाण्यात ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"रोजा हाय."

"भाभी, सुई घेऊन उपाशी राहायचं नसतं. जीव जाईल."

"सुईनं रोजा तुटत न्हाई. मौलानांना विचारलंय."

"रोजा धरणार नाही असा उझैरला शब्द दिला होता तुम्ही!"

"तो रमजानचा. ह्या रोज्याचा न्हाई दिला." एवढं बोलून त्या किंचित हसल्या, आणि डोळे मिटायला लागल्या.

"आजाऱ्याला सूट असते तुमच्यात."

"तुमी मला दीन-धरम शिकवणार व्हय, मास्तर?"

खरंच, मी कोण शिकवणारा? पुस्तकांतून वाचलेलं सगळं त्या क्षणी कोरडं वाटलं. मी त्यांच्यापुढे फरशीवर बसलो.

"भाभी, चूक माझी आहे. सिस्टरनं सांगितलं होतं, खाणं होईपर्यंत बसायचं. मी एक दिवसही बसलो नाही. मला लाज वाटायची. आज बसलो असतो तर कळलं असतं. तुम्हाला काही झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल. माझ्यासाठी प्या."

त्यांनी डोळे उघडले. "रडू नका. म्हातारे हाय तुमी."

मी डावा हात त्यांच्या मानेमागे घातला. टोचण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता. पेला टेकवला. ओठ घट्टच होते. मग त्या पुटपुटत काहीतरी म्हणाल्या, अल्लाचं नाव असावं, आणि एक घोट गेला. थोडं पाणी हनुवटीवरून माझ्या बाहीत गळलं. दुसरा घोट गेला. पेला संपायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

पंकजा सिस्टरला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पंधरा मिनिटांनी परत बघा, आणि आता तरी बसा, काका." ती पंधरा मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढली. अठ्ठावन्न. पुन्हा साखरपाणी. मग एकोणनव्वद. चपाती आणि दूध त्यांच्यापुढे ठेवलं. मी लगेच पुन्हा पट्टी काढली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"बोटांची चाळणी करता काय? आता बरी हाय मी." पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "असं टक लावून बघू नका. घास अडकतो."

मी खिडकीकडे बघायला लागलो, आणि कान घासांकडे.

तेवढ्यात उझैरचा फोन आला. भाभींनी मान हलवून मला नको म्हटलं. पण फोन माझ्या हातात होता आणि मला खोटं बोलता येत नाही. मी सगळं सांगितलं, रोज्याचं कमी आणि माझं पळून जाण्याचं जास्त. आता तो मला झापणार, असं मी धरूनच चाललो होतो.

उझैर बोलला ते अगदी हळू. "काका, तुमचं वय झालंय. मी पण तुमच्यावर फार टाकलं. उद्यापासून नर्स ठेवतो. तुम्ही काळजी करू नका."

माझी सुटका झाली होती. ना रोजची सुई, ना चौदाची रेघ, ना आजच्यासारखी धडधड. घरी जाऊन पुस्तक उघडायचं. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला हलकंच वाटलं.

भाभी खायच्या थांबल्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"नर्स नको, उझैर," मी म्हणालो. "मीच येईन. आणि बसेन."

बोलून तर बसलो. चुकलो तर? पुन्हा विसरलो तर? उद्या आजच्यासारखीच पट्टी हातून पडली तर?

"नर्स शिकलेली असती, मास्तर," भाभी म्हणाल्या. "नीट विचार करून बोला."

"विचार केला तर माझ्याच्यानं होणार नाही, भाभी. तुम्ही चपाती संपवा."

त्यांनी चपातीचा तुकडा दुधात बुडवला. मी खुर्ची थोडी जवळ ओढली आणि यंत्रात नवी पट्टी घातली.