ताईच्या दोन फायली आणि मी

मी यकृत बोलतोय. दचकू नका. उजव्या बरगड्यांखाली हात ठेवा, तिथंच असतो मी, जन्मापासून. चांगला दीड किलोचा ऐवज आहे, पण बावन्न वर्षांत कुणी साधी विचारपूस केली नाही. जुनी माणसं मला काळीज म्हणायची. तो मानही त्या हृदयानं पळवला. आता 'काळजाचा तुकडा' म्हणताना लोक हात ठेवतात छातीवर, तोही डावीकडं! असो. ते भांडण जुनं आहे.

माझा मालक चावीवाला. बसथांब्याच्या मागं त्याची टपरी आहे. दोन माणसं एकदम आत शिरली तर एकाला बाहेर पडावं लागेल एवढीच. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या चाव्या, पुढ्यात कानस. माणूस अबोल. गिऱ्हाईक दहा वाक्यं बोललं तर हा "होईल" म्हणणार, आणि खरंच होणार.

घरी त्याची मोठी बहीण, ताई. आई गेली तेव्हा हा आठ वर्षांचा होता, तिनंच वाढवला. ताईनं तीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर हजेरी लिहिली. सातला एक मिनिट जास्त झालं की नावापुढं लाल शाईत 'उशीर'. मग कुणी बायको आजारी म्हणो, कुणी बस चुकली म्हणो. "लिहिलं ते लिहिलं," एवढंच ती म्हणायची. निवृत्त झाली, पण गेट काही तिच्यातून गेलं नाही.

आता माझं काम सांगतो, कारण ते कुणी विचारणार नाही. तुम्ही गिळलेली गोळी पोटातून आधी माझ्याकडं येते. माझ्याकडं कामगारांची फौज आहे. डॉक्टर त्यांना विकरं म्हणतात, एन्झाइम म्हणतात. मालक जशी चावी कानशीनं घासतो तसे ते औषध घासून मोडतात आणि मग ते शरीराबाहेर जातं. म्हणून तर गोळी रोज घ्यावी लागते. कामगार जास्त झाले की औषध लवकर संपतं, कमी झाले की अंगात साठत जातं. एवढं सोपं आहे हो! पण दुखलं की ओरडायला मला तोंड नाही, आणि गप्प बसणाऱ्याला घरात कोण विचारतं?

बारा वर्षांपूर्वी हृदयाची झडप खराब झाली. केवढा गाजावाजा! नवी झडप बसली, पाहुणे आले, फळं आली. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक छोटी गुलाबी गोळी जन्मभरासाठी मागं लागली. रक्त गोठवणारा माल बनवतो मी. गोळी माझेच हात बांधणार, आणि तिला मोडायची कुणी? मीच. नखरे हृदयाचे, राबणूक माझी.

ताईनं लाल फाईल केली. रोज रात्री आठला गोळी, गोळीचा जोर कमी करते म्हणून घरात पालेभाजी बंद, महिन्याला रक्ताची तपासणी. बारा वर्षांत एक गोळी चुकली नाही. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

मागच्या वर्षी मालकाला खोकला लागला. छातीचा क्षय निघाला. दुसरा दवाखाना, दुसरे डॉक्टर, ताईची दुसरी फाईल, हिरवी. दोन्ही फायली दोन वेगळ्या कप्प्यांत. "कागदांची सरमिसळ मला खपत नाही," ती म्हणाली.

क्षयाच्या औषधांत एक होतं भारी आगाऊ. लघवी नारिंगी करायचं ते तर सोडाच, माझ्याकडं येऊन त्यानं कामगारांची भरतीच सुरू केली. पंधरा दिवसांत फौज दुप्पट-तिप्पट झाली, आणि गुलाबी गोळी आली की तिचा फडशा पडू लागला. रक्त घट्ट व्हायला लागलं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासणी पाहिली आणि एकाची दीड, दिडाची दोन, शेवटी अडीच गोळ्या केल्या. तेव्हा कुठं आकडा जागेवर आला.

त्या दिवशी ताई औषधांच्या खिडकीपुढं रांगेत होती. डॉक्टर मालकाला म्हणाले, "हे बघा, क्षयाच्या गोळ्या संपल्या की त्याच आठवड्यात मला येऊन भेटायचं. ही मात्रा मग कमी करावी लागेल. विसरू नका हं." कागदावर मात्र लिहिलं एवढंच: रोज अडीच, पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, बावीस तारखेला. बाहेर पेशंट ताटकळले होते.

आठवड्याभरात क्षयाचा कोर्स संपला. "छान बरे झालात, आता यायची गरज नाही," असं तिथले डॉक्टर म्हणाले. ताईनं हिरवी फाईल दोरीनं बांधून माळ्यावर टाकली. संध्याकाळी चहा पिताना मालक म्हणाला, "ताई, ते हृदयाचे डॉक्टर काहीतरी म्हणाले होते. ह्या गोळ्या संपल्या की या, म्हणून."

"लिहिलंय का?"

"तसं लिहून नाही दिलं, पण..."

"मग? पुढची तारीख बावीस लिहिली आहे. बावीसलाच जायचं. तुझ्या ऐकण्यावर भरवसा ठेवायचा का मी?"

त्यानं उरलेला चहा संपवला. जन्मभर तिच्यापुढं गप्पच बसला होता. मला एवढा राग आला म्हणून सांगू! अरे, बोल की! एकदा तरी मोठ्यानं बोल!

आगाऊ औषध बंद झालं तसे माझे जादा कामगार एकेक करून गेले. तीन आठवड्यांत फौज पहिल्याएवढी झाली. आणि ताई रोज आठच्या ठोक्याला अडीच गोळ्या त्याच्या हातावर ठेवतेय. मी एक मोडतोय तोवर दुसरी साठतेय. रक्त पाण्यासारखं झालं.

दात घासताना रक्त आलं. "ब्रश बदल," ताई म्हणाली. दंडावर काळानिळा डाग उठला. "धडपडला असशील." मग एका सकाळी टपरीत कानस निसटली, बोटाला जरासं लागलं. असल्या जखमा तो पँटला पुसायचा. त्या दिवशी दोन फडकी भिजली तरी रक्त थांबेना. घरी येऊन त्यानं बोट पुढं केलं. ताईचा चेहरा उतरला. तिनं पट्टी बांधली, कॅलेंडरकडं पाहिलं आणि म्हणाली, "चारच दिवस राहिलेत रे. बावीसला दाखवूच."

एकोणीस तारखेला सकाळी अकराला गिऱ्हाइकाच्या हातात चावी देता देता तो खाली बसला. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

दवाखान्यात मला उतारा म्हणून इंजेक्शन दिलं. माझे हात सुटले, मी जीव तोडून रक्त गोठवणारा माल बनवला. पण ते वरातीमागून घोडं. तो वाचला, एवढंच. उजवा हात गेला, वाचाही गेली.

तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही फायली मागवल्या. बाकावर बसून ताईनं त्या पहिल्यांदा शेजारी शेजारी उघडल्या. बोट ठेवून ठेवून तारखा वाचल्या. मग दोन्ही मिटल्या आणि पदरात तोंड खुपसून रडली. तिच्यावर चिडायचं ठरवलं होतं मी. जमलं नाही. पण ज्यांच्याकडं वाक्य पुरं लिहायला वेळ नव्हता त्यांना मी माफ करणार नाही.

माझी एकच विनवणी आहे. नवं औषध सुरू झालं किंवा जुनं बंद झालं की तोंड उघडून विचारा, बाकीच्या गोळ्यांचं काय? मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.

मालक आता खिडकीशी खाटेवर असतो. तपासणीच्या आकड्याप्रमाणं ताई पुन्हा एकच गोळी देते. गोळी दिल्यावर खुर्ची ओढून त्याच्या तोंडाशी कान नेते.

"बोल रे," ती म्हणते. "डॉक्टर काय म्हणाले होते? सांग मला. कागद नको, मी ऐकते."

त्याचे ओठ हलतात. आवाज येत नाही. ती तशीच वाकून बसते.